कोरोनाकाळातली सरकारी मदत : धंदेवाल्यांच्या या चुका पुन्हा नकोत

१३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून माझा फोन वाजायला लागला. मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, त्यांची विवरणपत्रं भरते, बँकेचे कागद तयार करते. त्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच होता : "मॅडम, आपल्या खात्यात किती येणार?" कर्जाची घोषणा झाली आहे, हे जवळजवळ कोणीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त आकडा ऐकला होता.

ती तातडीची कर्ज हमी योजना, म्हणजे ईसीएलजीएस, ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. तिची कर्जं मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं फिटत राहिली. महापूर येवो, अवकाळी येवो, मदतीची बातमी झळकली की धंदेवाले पुन्हा त्याच चुका करताना दिसतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबलं, असं समजणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली, आणि तिनेच सर्वांत जास्त पैसे खाल्ले.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला मुदत कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. एकूण सहा महिने. लोकांनी याला 'हप्ता माफी' म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच घात झाला. हप्ता पुढे गेला होता, व्याजाचं मीटर चालूच होतं.

माझ्याकडे येणारे एक वर्कशॉपवाले काका आहेत. लेथ मशिनच्या कर्जाचे त्यांचे साधारण दहा लाख बाकी होते, व्याज बारा टक्के, हप्ते साठ उरलेले. हप्ता बावीस हजारांच्या थोडा वर. मार्च महिन्यात त्यांच्याकडे जुन्या बिलांचे पैसे आलेले होते, म्हणजे निदान पहिले तीन हप्ते सहज भरता आले असते. मी तसं सांगितलंही. पण शेजारच्या गाळेवाल्याने सवलत घेतली म्हणून यांनीही घेतली आणि ते पैसे मेव्हण्याला उसने दिले.

सप्टेंबरमध्ये ते बँकेचा उतारा घेऊन आले तेव्हा हातात कागद थरथरत होता. आम्ही बसून हिशेब मांडला. महिन्याला एक टक्का व्याज मुद्दलात मिसळत गेलं आणि सहा महिन्यांत दहा लाखांचे १०,६१,५२० रुपये झाले. हप्ता तेवढाच ठेवला तर आता साठऐवजी पासष्टच्या वर हप्ते भरायचे. कर्जाचा शेवट सहा नव्हे, तर अकरा महिन्यांनी पुढे गेला. जास्तीचे जाणारे पैसे सुमारे १ लाख १५ हजार. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे ऑक्टोबरमध्ये बातमी आली की सरकार व्याजाचा भार उचलणार. काका पेढे घेऊन आले : "मॅडम, व्याज सोडलं की हो सरकारने!" मला त्यांना पुन्हा कागद काढून दाखवावा लागला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने सहा महिन्यांचं सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक दिला. काकांचं सरळ व्याज साठ हजार, चक्रवाढीने ६१,५२०. म्हणजे परत मिळणार १,५२० रुपये. आणि हा फरक ज्यांनी एकही हप्ता थांबवला नव्हता त्यांनाही मिळाला. संपूर्ण व्याजमाफीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ ला नाकारली. व्याजावरचं व्याज घेऊ नका, एवढंच सांगितलं.

ज्यांच्या गल्ल्यात खरोखर एक रुपया नव्हता, त्यांनी ही सवलत घेतली ते बरोबरच केलं. खातं थकीत होण्यापेक्षा एक लाख जास्त गेलेले परवडतात. माझी तक्रार आहे ती पैसे असताना हप्ता थांबवणाऱ्यांबद्दल. माझी सवय सांगते : सवलतीच्या कोणत्याही अर्जावर सही करण्याआधी बँकेकडून लेखी विचारून घ्यायचं, की सवलत संपल्याच्या दिवशी बाकी किती असेल, हप्ता किती होईल आणि शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात येईल. या तीन उत्तरांशिवाय मी कोणालाही सही करू देत नाही. सवलत अर्धीही घेता येते. तीन हप्ते भरा, तीन थांबवा. हे विचारायलाच कोणी गेलं नाही.

धंदा कागदावर नसणं

दुसरी चूक टाळेबंदीच्या आधीच्या वर्षांत झालेली असते आणि संकटात उघडी पडते. म्हणून तिचा जास्त त्रास होतो, कारण त्या क्षणी दुरुस्ती करता येत नाही.

ईसीएलजीएसचं गणित असं होतं : २९ फेब्रुवारी २०२० या दिवशी तुमचं जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के नवं कर्ज. तारीख मागची. घोषणा मे महिन्यात, मोजमाप फेब्रुवारीचं. त्या दिवशी थकबाकी साठ दिवसांपेक्षा जुनी असेल तर दार बंद. जीएसटी नोंदणी बंधनकारक असून केलेली नसेल तरी बंद.

एक केटरिंगवाले दादा. लग्नसराईत एका दिवशी तीन ठिकाणी जेवणावळी उठवणारा माणूस, हाताखाली पंचवीस जण. धंदा मोठा होता आणि सगळा रोखीत. बँकेत कर्ज नाही, चालू खातं नाही, जे काही ऑनलाइन यायचं ते वहिनींच्या बचत खात्यात. २०२० चा अख्खा हंगाम बुडाला, भांडी गोदामात पडून राहिली, आचाऱ्यांना गावी पाठवायला याने स्वतःचं सोनं मोडलं. मनाने एवढा चांगला माणूस. तो माझ्यासमोर बसून विचारत होता, "माझं नुकसान काय इतरांपेक्षा कमी आहे का?" कमी नव्हतं. पण शून्य कर्जाचे वीस टक्के शून्यच होतात, आणि नवं कर्ज मागायला गेला तर विवरणपत्रातलं उत्पन्न पाहून बँकेने हात वर केले. आम्हीच ते इतकं कमी दाखवलं होतं. 'आम्ही' म्हणते, कारण आधीच्या दोन वर्षांची त्याची विवरणपत्रं माझ्याच हातून गेली होती. तो सांगेल तो आकडा मी लिहिला होता. तेव्हापासून मी तसं लिहिणं बंद केलं. त्यामुळे काही लोक माझ्याकडून गेले.

भविष्य निर्वाह निधीचंही तेच. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत सरकारने मालक आणि कामगार दोघांचा मिळून २४ टक्के वाटा स्वतः भरला. अटी होत्या : कामगार शंभरपर्यंत, आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांपेक्षा कमी. लहान कारखान्यासाठी याहून सरळ मदत दुसरी नव्हती, हातात येणाऱ्या पैशांइतकीच. पण ज्यांनी वीस माणसांपैकी आठच पीएफवर दाखवली होती, त्यांना आठांचीच मिळाली.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नियमाने वागणाऱ्यांनाही ईसीएलजीएसच्या त्या २९ फेब्रुवारीच्या तारखेचा फटका बसला. सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जखात्याची मर्यादा पंधरा लाख, पण फेब्रुवारी अखेरीस गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्याने बाकी फक्त दोन लाख, अशा एका होलसेलरला चाळीस हजारच मिळाले. हिशेब बाकीवर होता, मंजूर मर्यादेवर नव्हता. त्याची काहीच चूक नव्हती. यावर माझ्याकडे उपाय नाही.

सरकारी हमी आपल्याला आहे, असं वाटणं

शंभर टक्के सरकारी हमी! हे शब्द वाचून कित्येकांनी ठरवून टाकलं की आपण नाही भरलं तर सरकार भरेल. हमी बँकेला होती. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान सरकारी हमी कंपनी भरून देणार होती. तुमचं देणं त्याने मिटत नाही. बँक वसुली करतेच, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतोच. विनातारण म्हणजे नवं तारण नको, इतकाच अर्थ. आधीच्या कर्जासाठी जे तारण दिलं होतं, त्यावर सहसा या कर्जाचा दुसरा बोजा, म्हणजे पहिल्या कर्जामागोमागचा हक्क, चढला. मंजुरीपत्रात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मंजुरीपत्र वाचायला लागतो अर्धा तास, आणि तो अर्धा तास कोणाकडेच नसतो.

तेरावा महिना विसरणं

पहिल्या ईसीएलजीएस कर्जाची मुदत चार वर्षं, त्यात पहिले बारा महिने फक्त व्याज. बँकेसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के. पाच लाखांवर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ३,८५० रुपये जायचे. तेराव्या महिन्यापासून छत्तीस हप्त्यांत मुद्दल, म्हणजे हप्ता जवळपास सोळा हजार. लोकांना ३,८५० ची सवय लागली. आणि ज्यांनी जून-जुलै २०२० मध्ये कर्ज उचललं, त्यांचा तेरावा महिना नेमका दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ आला.

खरं तर मे २०२१ अखेरीस सरकारने यातूनही वाट काढली होती. पुनर्रचनेला पात्र असलेल्यांना चारऐवजी पाच वर्षं आणि पहिली दोन वर्षं फक्त व्याज. पण त्यासाठी बँकेत जाऊन मागायला हवं होतं. हप्ता थकला की माणूस बँकेचा रस्ता टाळतो, फोन उचलत नाही. नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं आणि मग मागायलाही काही उरत नाही. अडचण दिसताच, हप्ता थकण्याआधी, अर्ज द्या. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी बोलणं झालं असेल तर घरी येऊन त्याच दिवशी बँकेला मेल टाका, की आज अमुक वाजता असं बोलणं झालं. मी गेली कित्येक वर्षं हेच करते आणि वाद झाला तेव्हा दर वेळी ती पोचच कामी आली.

बाकीच्या, थोडक्यात

एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि ती पूर्ण मोफत आहे. ईसीएलजीएसलाही प्रोसेसिंग फी नव्हती. तरी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर हजार-दोन हजार भरून मोकळे झाले. दहा मिनिटांचा फॉर्म स्वतः वाचायचा कंटाळा येतो, त्यांच्यावरच हे लोक जगतात.

पॅन, आधार, जीएसटी, बँक खातं, चारही ठिकाणी नाव एकच हवं. 'बाळासाहेब' आणि 'बाळू' या फरकापायी अर्ज अडकलेले मी पाहिलेत.

आधारला चालू मोबाइल जोडून ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार रुपये जाहीर केले. अर्ज ऑनलाइन होता, आणि आधारशी जोडलेला नंबर केव्हाच बंद झालेला असेल तर ओटीपी येणार कुठे?

फेरीवाल्यांना स्वनिधी योजनेत मिळालेले दहा हजार कर्ज होतं. वेळेवर फेडणाऱ्याला सात टक्के व्याज अनुदान आणि पुढे वीस हजार, मग पन्नास हजार असा रस्ता खुला होता. 'सरकारी पैसे कोण फेडतं' म्हणत माझ्या ओळखीच्या एका भाजीवाल्याने दहा हजार बुडवले. त्याच्या शेजारची मावशी पन्नास हजारांपर्यंत पोचली आणि तिने हातगाडीचा गाळा केला.

धंद्याचं कर्ज घरात वापरू नका. एकाने ईसीएलजीएसचे सहा लाख मुलीच्या लग्नात घातले. लग्न झालं, कच्चा माल आणायला पैसे उरले नाहीत. यावर आणखी काय बोलणार.

आणि ज्यांचं हे कर्ज फिटलंय किंवा फिटत आलंय त्यांच्यासाठी. शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं समजू नका. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, तारणावरचा दुसरा बोजा उतरवल्याचं लेखी घ्या, कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडेही तशी नोंद झाली का ते बघा. दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खातं 'बंद' दिसतंय याची खात्री करा. वर्कशॉपवाल्या काकांचं लेथचं कर्ज फिटलं त्या दिवशी मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. आधी दोघं बँकेत गेलो आणि दाखला घेऊनच बाहेर पडलो.