सरकीतलं गॉसिपॉल शोधताना

माझा संशोधनाचा विषय गॉसिपॉल, म्हणजे सरकीतलं एक विषारी रसायन. आमच्याकडे धरणगावला गुरांना सरकीची ढेप घालतात, तिथूनच डोक्यात शिरला. जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिला आठवडा मी नुसतं नाव टाकून शोधत बसलो. हजारो निबंध आले, कामाचे मूठभर.

नावाने शोधू नका. नोंद झालेल्या प्रत्येक रसायनाला कॅस क्रमांक असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, तो घ्या. गॉसिपॉलचा ३०३-४५-७. टाकताना आकडे मात्र इंग्रजी. क्रमांक उतरवताना चूक झाली का, हे वहीवरच कळतं: शेवटचा आकडा सोडा, उरलेले उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा. ५, ८, ९, ०, १५, बेरीज ३७. एकं स्थानी ७, सोडलेला आकडाही ७, म्हणजे क्रमांक जुळला. माझ्या वहीत एकदा ४ आणि ५ची अदलाबदल झालेली, ती अशीच सापडली.

आधी पबकेम उघडा, हा रसायनांच्या माहितीचा ऑनलाइन साठा. २००४पासून आहे, फुकट आहे, घरूनही चालतं. रेणूसूत्र, वितळणबिंदू, विषारीपणा तिथेच पाहून घ्या. एक गोष्ट जपा: गॉसिपॉलची डावी-उजवी, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी रूपं आहेत आणि दोघांचे क्रमांक वेगळे. निबंधात नेमकं कोणतं वापरलंय ते बघूनच आकडे उचला.

अभिक्रिया हवी असेल तर सायफाइंडर किंवा रिअ‍ॅक्सिस हे रसायनशास्त्राचे ऑनलाइन साठे, तिथे रेणूची आकृती काढून शोधायचं. दोन्ही वर्गणीची, आपल्याकडे चालू आहे का, ते ग्रंथपालांना आधी विचारा. आपल्या देशातले प्रबंध शोधगंगेवर मिळतात.

आणि हो, कोणता शब्द कधी टाकला ते तारखेसह लिहून ठेवा. गाईड विचारतातच.