जुन्या जीपचा अल्टरनेटर वर घेतला

सांगलीत घरीच उभ्या केलेल्या जुन्या जीपला मोठा रेडिएटर बसवला आणि अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, जागाच उरेना. आधी खाली, चॅसीजवळ बसवला. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी थेट त्याच्यावर. बेअरिंग वाजायला लागलं. एक्झॉस्टच्या बाजूला तर नकोच, उष्णतेने त्यातले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात. शेवटी दुसऱ्या बाजूला, इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या उंचीवर 8 मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. एकाच बोल्टवरचा पहिला ब्रॅकेट थरथरून तडकला होता. आता खाली लांब बोल्ट, वर ताणपट्टी, मागे तिरका आधार. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून पाहिलं, 2 मिलिमीटरचा फरक वॉशर घालून काढला. रंग खरवडून अर्थिंगची (वीज परत नेणारी) वायर घट्ट केली, हे बरेच जण विसरतात. आता हेडलाइट लावूनही बॅटरीवर 14 व्होल्ट मिळतात.