विद्यार्थ्यांनो, टॅब घेण्याआधी या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशफेऱ्या आटोपल्या, की आमच्या तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत एक प्रश्न हमखास येतो : "सर, टॅब घेऊ का?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मॉडेल आधीच ठरवलेले असते, हप्त्यांची चौकशीही झालेली असते आणि माझ्याकडून त्याला केवळ होकार हवा असतो. टॅब ही वाईट वस्तू नव्हे. वाचणे आणि पेनाने लिहिणे ही दोन कामे तो उत्तम करतो. आपल्याला या दोन कामांसाठी तो हवा आहे का, एवढेच ठरवायचे असते. पण नेमके तेच न ठरवता मुले रॅम, कॅमेरा आणि सवलतीचे आकडे घोकत बसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लॅपटॉपऐवजी टॅब घेणे. कीबोर्ड असलेले कव्हर लावले की टॅब लॅपटॉपसारखा दिसतो हे खरे, परंतु ते साम्य दिसण्यापुरतेच असते. यंत्रभागांचे डिझाइन करण्याचे सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते, हिशेबाचे टॅलीप्राइमही विंडोजसाठीच आहे, आणि अँड्रॉइड किंवा आयपॅडवर त्यांची पूर्ण आवृत्ती मिळत नाही. आराखडे काढण्याचे ऑटोकॅड ब्राउझरमध्ये उघडते, पण तिथे डेस्कटॉपवरच्या सगळ्या आज्ञा नसतात. सी भाषेतला साधा प्रोग्रॅम ऑनलाइन कंपायलरवर, म्हणजे कोड चालवून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, चालवता येतो. मात्र चार फायलींचा प्रकल्प हाताळायची वेळ आली की तो मार्ग अपुरा पडतो.

मेकॅनिकलच्या एका विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले होते. त्याने कुठल्याशा व्हिडिओत एकाला टॅबवर 'सर्व काही' करताना पाहिले असल्यामुळे माझे म्हणणे त्याला जुनाट वाटले, आणि त्याने टॅब, कीबोर्ड व पेन असा संच घेतला. डिझाइनचे प्रात्यक्षिक सुरू झाल्यावर त्याने तोड काढली : गावी घरात एक जुना पीसी होता, तो सतत चालू ठेवायचा आणि वसतिगृहातून इंटरनेटमार्फत टॅबवर वापरायचा. काही आठवडे हे चाललेही, आणि तो इतरांनाही ही युक्ती शिकवू लागला. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी गावची वीज गेली. यूपीएसने थोडा वेळ तग धरला, मग पीसी बंद पडला, आणि तयार होत आलेली असेम्ब्ली, म्हणजे सुटे भाग जोडून केलेले डिझाइन, त्याच पीसीत अडकून राहिली. हा मुलगा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून दर थोड्या वेळाने वडिलांना फोन लावून एवढेच विचारत होता, "लाइट आली का?" शेवटी आम्ही प्रयोगशाळा उशिरापर्यंत उघडी ठेवली आणि त्याने सगळे काम पहिल्यापासून पुन्हा केले. पुढच्या सत्रात त्याला वापरलेला लॅपटॉप घ्यावाच लागला. दोन्हींचा खर्च जोडला असता तेवढ्यात आधीच एक बरा नवा लॅपटॉप आला असता.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे, की होकार मागायला आलेल्याला मी आधी पुढच्या सर्व सत्रांचा अभ्यासक्रम उघडायला लावतो आणि प्रात्यक्षिकांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे कागदावर लिहून आणायला सांगतो. त्यांतले एक जरी विंडोज मागत असेल आणि घरी संगणक नसेल, तर आधी लॅपटॉप घ्यावा. यादी करण्याचा कंटाळा ज्यांना येतो, त्यांच्याशी मी पुढे वाद घालत नाही.

दुसरी चूक पडद्याच्या आकाराची. दुकानात टॅबवर चित्रपटाची झलक चालू असते आणि तीवरून पडदा मोठा वाटतो. अभ्यास मात्र ए-फोर आकाराच्या पीडीएफवर करायचा असतो. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असते. टॅबचे इंच कर्णावर मोजतात, त्यामुळे ११ इंचांचा, लांबी-रुंदीच्या १६:१० प्रमाणाचा टॅब उभा धरला तर त्याची रुंदी सुमारे १४.८ सेंटिमीटर भरते, म्हणजे पान ७० टक्क्यांवर येते आणि १२ पॉइंटचे अक्षर साधारण साडेआठ पॉइंटचे होते. ८.७ इंचांच्या टॅबवर तेच पान निम्म्याहून थोडेसेच मोठे उरते. इंग्रजी मजकूर त्यातही कसाबसा वाचता येतो. पण स्कॅन केलेल्या मराठी नोट्समधले अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे, तसेच सूत्रांमधले घातांक पुसट होऊन जातात. टॅब आडवा धरला तर अक्षर मोठे होते, परंतु एका वेळी अर्ध्याहूनही कमी पान दिसते. आकृती वर राहते, तिचे स्पष्टीकरण खाली जाते आणि बोट सतत पडद्यावर फिरत राहते.

यासाठी दुकानात जाण्याचीही गरज नाही. आपल्या नोट्समधले सर्वांत बारीक अक्षराचे पान झेरॉक्सच्या दुकानात न्यावे आणि ए-फोरवरून ए-फाइव्ह करून घ्यावे. ए-फाइव्हची रुंदी १४.८ सेंटिमीटरच असते, त्यामुळे ११ इंचांच्या टॅबवर तुम्हाला जे दिसणार आहे तेच हातात येते. ते पान रात्री जेवणानंतर तासभर वाचून पाहावे. डोळे ताणावे लागले, तर तो टॅब तुमच्यासाठी नाही.

पेनाच्या बाबतीतला गोंधळही नेहमीचाच आहे. कोणतेही पेन कोणत्याही टॅबवर चालत नाही. सॅमसंगच्या टॅब एस-नाइनबरोबर एस-पेन खोक्यातच येते, तर टॅब ए-नाइन आणि ए-नाइन प्लसवर ते चालतच नाही. आयपॅडचे पेन वेगळे विकत घ्यावे लागते आणि कोणत्या आयपॅडला कोणते पेन हे तपासूनच घ्यावे लागते. त्यातल्या यूएसबी-सी प्रकाराच्या पेनाला दाब कळत नाही, जे गणिते सोडवणाऱ्याला चालून जाते, पण चित्रकला किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला खटकते. शंभर-दीडशे रुपयांचे रबरी टोकाचे पेन म्हणजे टॅबच्या दृष्टीने तुमचे बोटच असते. लिहिताना तळहात पडद्यावर टेकला की नको तिथे रेघ उमटते.

पेन चांगले असले तरी वर्षभर सगळे लेखन काचेवर करू नये. विद्यापीठाची लेखी परीक्षा कागदावर असते, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सलग तीन तास लिहावे लागते, आणि आमच्याकडे जर्नल आजही हातानेच लिहून मागितले जाते. वही पूर्णपणे सोडून दिलेल्या मुलांचा हात दीड तासातच भरून येताना मी पर्यवेक्षक म्हणून पाहतो. सरावाच्या उत्तरपत्रिका तरी कागदावरच सोडवाव्यात.

काही गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. मेमरी कार्डाची सोय नसलेला ६४ जीबीचा टॅब घेऊ नये. वसतिगृहात वायफाय नसेल आणि फोनचा हॉटस्पॉट परवडत असेल, तर सिमच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजू नयेत. क्रेडिट कार्डावरच्या 'नो-कॉस्ट' हप्त्यांतही बँक व्याजावरचा १८ टक्के जीएसटी लावते, आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही घेते. टेलिग्रामवरून पीडीएफ गोळा करण्यासाठी तर टॅब मुळीच घेऊ नये. तो छंद फोनवरही तितकाच निष्फळपणे चालतो.

ज्याच्या घरी किंवा महाविद्यालयात संगणक सहज मिळतो, ज्याचे रोजचे वाचन जाड ग्रंथांचे आणि रंगीत आकृत्यांचे आहे, आणि जो आजही पानांच्या कडेला टिपणे करतो, त्याला मी टॅब बिनदिक्कत घ्यायला सांगतो. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी त्यात बरेच असतात. पैशांची ओढाताण असेल तर त्यांनी वापरलेला टॅबही घ्यावा. फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याला टॅबवरचे त्याचे गूगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर काढायला लावावे, टॅब रीसेट करून घ्यावा आणि तो पुन्हा सुरू होऊन जुने खाते मागत नाही ना, हे तिथेच उभे राहून पाहावे.