बोरन्हाण, बारसं आणि फॅमिली शूट: लहान मुलांचे फोटो काढायला सुरुवात करताय?

ठाणे, नवी मुंबईत लहान मुलांचे आणि घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम मी करते, त्यामुळे नवीन मुलंमुली नेहमी विचारतात की ताई सुरुवात कशी करू, कॅमेरा कुठला घेऊ. कॅमेऱ्याचं नंतर बघू. पहिला फोन येईल तेव्हा आईला विचारा, बाळ झोपतं कधी आणि जेवतं कधी. झोप झाली, पोट भरलं की पुढचा तासभर तुमचा, बाकी उजेड, जागा, कपडे सगळं त्या तासाभोवती बसवायचं. बरेच जण उलटं करतात, संध्याकाळचं सोनेरी ऊन पाहिजे म्हणून उपवन तलावावर बोलावतात, पोरगं घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतच झोपतं, उठवलं की किरकिर सुरू, मग आईबाबा "हस ना रे, इकडे बघ ना" करत बसतात आणि फोटोत तिघांचेही चेहरे ताणलेले.

म्हणून सुरुवातीला घरीच जा. वन बीएचके असला तरी खिडकी असतेच ना. पडदा सरकवा, घरातले दिवे बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले की चेहऱ्याचा रंग बिघडतो आणि तो नंतर एडिटिंगमध्ये नीट होता होत नाही. मुलाला खिडकीच्या बाजूला बसवा आणि तुम्ही खाली फरशीवर बसा, अगदी लोळा सुद्धा. उभ्याने वरून काढलं की डोकं मोठं आणि पाय एवढेसे दिसतात. दिवे लावावेच लागले तर शटर (फोटो घेताना उजेड किती वेळ आत येतो ते) १/१०० सेकंद ठेवून बघा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर त्याहून फास्ट केलं की फोटोत पट्टे येऊ शकतात.

सेटिंगचं थोडक्यात: बसलेलं मूल असेल तर शटर १/२५०, पळणारं असेल तर १/५०० किंवा वर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, कंटिन्युअस फोकस (हलणाऱ्या मुलामागे फोकस सरकत राहतो तो). आयएसओ ३२०० ला थोडे दाणे येतील, येऊ देत, हललेल्या फोटोचं मात्र काहीच करता येत नाही. लेन्स ५० एमएम एफ/१.८ पुरते, स्वस्तही आहे (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि पुढचं-मागचं जास्त धूसर), फक्त दोन रांगांतला फॅमिली फोटो एफ/१.८ वर काढू नका, मागचे आजोबा धूसर होतात, तिथे एफ/५.६ लावा.

आता बोरन्हाण, कारण संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत नवीन माणसाला काम मिळायचा चान्स चांगला असतो. मूल पाटावर, अंगात काळे कपडे, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. काळा रंग जास्त दिसला की कॅमेरा सगळा फोटो उजळवतो आणि हलवा नुसता पांढरा फटक होतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा) थोडं कमी करा, कॅमेऱ्यातल्या + / − पट्टीवर उणे ०.७ च्या आसपास. दागिन्यांचे फोटो आधीच उरकून घ्या, कारण पाचेक मिनिटांत मुकुट तिरका होतो आणि हारातला हलवा तोंडात जातो (तो फोटो सोडू नका, आईला हमखास आवडतो). डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले की बाकीची पोरं तुटून पडतात आणि पाटावरचं मूल क्षणभर अवाक होतं, मग हसतं तरी किंवा भोकाड पसरतं तरी. तुम्ही पाटासमोर, खाली, बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) लावून तयार पाहिजे. ओतणाऱ्या काकूंना आधीच सांगून ठेवा की मागून ओता, हात चेहऱ्यासमोर आणू नका.

बारशालाही तसंच, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू झालं की आत्या कुठून वाकणार ते बघून समोरच्या बाजूला जागा धरा. ती कानात कुर्रर्र करते आणि पाठीत धपाटे पडतात, सगळं दोन सेकंदांत आटपतं.

आजी म्हणते "माझा कशाला गं, पोराचा काढ". ऐकू नका. तिला वरणभात भरवायला सांगा आणि हातांवर फोकस करा, मुलाची मूठ तिच्या बांगडीवर येतेच. मला विचाराल तर अख्ख्या शूटमधला तोच फोटो सगळ्यात मोलाचा.

बाहेर जाणार असाल तर सोसायटीच्या किंवा सार्वजनिक बागेत मोठा कॅमेरा काढण्याआधी परवानगी विचारा. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे वनविभागाचे नियम पाळावे लागतात. पावसाळ्यात इथली दमट हवा लेन्सला बुरशी आणते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. फोटो घरी आल्या आल्या दोन ठिकाणी कॉपी करा आणि मगच कार्ड पुसा. आणि मुलाचा एकही फोटो आईबाबांच्या लेखी परवानगीशिवाय इन्स्टावर टाकू नका, आंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे तर परवानगी असली तरी नाहीच.