क्लिनिकल रिसर्चमध्ये यायचंय? कोर्सआधी आजार कुठला ते बघा

बीफार्म, फार्मडी, बीएएमएस, बीएचएमएस, कुणीही असो, पहिला प्रश्न ठरलेला: कोर्स कुठला करू? डिप्लोमाची मोठी फी भरायच्या आधी अमेरिकेतल्या नायडा या सरकारी संशोधन संस्थेचा जीसीपीचा (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्या, ट्रायल, चालवायचे नियम) ऑनलाइन कोर्स करा, फुकट आहे, सर्टिफिकेटही मिळतं. तो करताना कंटाळा आला नाही तर पुढचं बोलू. कारण जीसीपी सगळीकडे सारखंच असतं, पण तुम्ही कॅन्सरच्या ट्रायलवर आहात की डायबेटिसच्या, यावर तुमचा अख्खा दिवस कसा जाणार ते ठरतं आणि हे कुठल्याच कोर्सवाल्याने मला सांगितलं नव्हतं.

मी पुण्यात साइटवर, म्हणजे हॉस्पिटलमध्ये, कोऑर्डिनेटर आहे. पैसा स्पॉन्सर कंपनीचा, देखरेख बहुतेकदा सीआरओची (स्पॉन्सरसाठी ट्रायल चालवून देणारी कंपनी), जबाबदारी पीआयची (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे साइटवरचे मुख्य डॉक्टर), आणि पेशंटला फोन करण्यापासून कुरिअरवाल्याच्या मागे लागण्यापर्यंत उरलेलं सगळं कोऑर्डिनेटरचं. नवीन मुलांना थेट मॉनिटर, म्हणजे साइटवर येऊन आमचं काम तपासणारा स्पॉन्सरचा किंवा सीआरओचा माणूस, व्हायचं असतं, प्रवास, लॅपटॉप, पगार बरा. चूक काहीच नाही त्यात, पण साइटवर दोनेक वर्षं काढलेला मॉनिटर आणि न काढलेला मॉनिटर यातला फरक आम्हाला पहिल्या व्हिजिटलाच कळतो, दुसरा फक्त तारखा जुळवत बसतो.

सुरुवात डायबेटिसपासून करता आली तर करा. पेशंट चालता-बोलता असतो, व्हिजिट ठरलेल्या, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ठरावीक रेंजमध्ये असेल तरच एन्ट्री, नाहीतर स्क्रीन फेल्युअर, म्हणजे पेशंट सुरुवातीच्या तपासणीतच बाद. सोपं वाटतं, पण फास्टिंग सॅम्पलला काका 'फक्त चहाच घेतलाय' म्हणून येतात, श्रावणात आणि नवरात्रात उपवास सुरू होतात, रमजानमध्ये जेवणाचं वेळापत्रकच उलटं होतं आणि दिवाळीत व्हिजिट विंडो, म्हणजे पेशंटने यायचे ठरलेले दिवस, गावाला जाते. शुगर ७० च्या खाली गेली की नोंद, ५४ च्या खाली गेली की जास्तच गंभीर, आणि पेशंट ते डायरीत लिहीत नाही कारण त्याने पेढा खाऊन विषय मिटवलेला असतो. अजून एक, 'दुसरी काही औषधं घेता का?' असं विचारलं की उत्तर हमखास नाही येतं. मग विचारायचं, गुडघ्याला काही लावता का, सकाळी काढा घेता का, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेव्हण्याने आणून दिलेली पावडर? तेव्हा यादी बाहेर येते आणि कधीकधी त्यात ट्रायलमध्ये चालणारच नाही असं काहीतरी निघतं.

कॅन्सरमध्ये सगळंच वेगळं. एकेका पेशंटची फाइल विटेएवढी जाड, औषधाची प्रत्येक सायकल, म्हणजे फेरी, सुरू करायच्या आधी रक्ताचे रिपोर्ट बघायचे, दर काही आठवड्यांनी स्कॅन, रेसिस्ट नावाच्या ठरलेल्या पद्धतीने गाठी मोजायच्या, साइड इफेक्टला सीटीसीएई या ठरलेल्या यादीप्रमाणे १ (किरकोळ) ते ५ (मृत्यू) ग्रेड द्यायचा. नवीन माणूस इथे हमखास अडकतो: ग्रेड ३ चा ॲनिमिया ओपीडीतच निभावला तर तो बहुतेकदा एसएई (सीरियस ॲडव्हर्स इव्हेंट, म्हणजे नियमाने गंभीर धरली जाणारी घटना) होत नाही, पण किरकोळ तापासाठी ॲडमिट केलं की झाला एसएई. आणि एकदा एसएई झाला की घड्याळ सुरू, २०१९ च्या नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने २४ तासांत सीडीएससीओ (केंद्राचं औषध नियंत्रण खातं), स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी (पेशंटचं हित बघून ट्रायलला परवानगी देणारी समिती) तिघांना कळवायचं, १४ दिवसांत सविस्तर रिपोर्ट. त्यामुळे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा की गावाकडे ॲडमिट केलं तरी त्याच रात्री फोन करा, डिस्चार्ज कार्ड घेऊन आठवड्याने येऊ नका.

आणि ट्रायल म्हटलं की परदेशी कंपनीचं महागडं औषध असं डोक्यात असेल तर टाटा मेमोरियलची कामं वाचा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं लिग्नोकेनचं, म्हणजे भुलीचं, इंजेक्शन, १६०० बायकांवरचा ट्रायल, पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅम डोस दर तीन आठवड्यांनी, सोबत नेहमीच्या गोळ्या, वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के. मला विचाराल तर आपल्याकडच्या रिसर्चचा खरा अर्थ हा आहे, पण अशा ॲकॅडमिक ट्रायलमध्ये सहसा पगार कमी आणि शिकायला जास्त, हेही ऐकून ठेवा.

टीबीत धीर लागतो. लिक्विड कल्चर (नमुन्यातले जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, घाई करून काही होत नाही. रेझिस्टंट टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं चालायची, आता बीपाल्म या चार औषधांची सहा महिन्यांची रेजिमेन आली, २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयानेही मान्य केली. पण त्यातल्या लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, म्हणून प्रत्येक व्हिजिटला 'चप्पल पायातून निसटते का' असलं साधं विचारायचं. आणि फोन करताना सांभाळून. फोन सासूने उचलला तर टीबी हा शब्द तोंडातून निघता कामा नये, 'हॉस्पिटलमधून ताई बोलतेय, सूनबाईंना सांगा फोन करायला', बास.

व्हॅक्सिन ट्रायलबद्दल थोडक्यात: माणसं धडधाकट असतात, गर्दी खूप, लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, औषध २ ते ८ डिग्रीत, आणि रात्री फ्रिजचा अलार्म वाजला तर उठायचं तुम्हीच.

कन्सेंटवर, म्हणजे पेशंटच्या संमतीवर, मात्र मी जरा जास्तच बोलते. फॉर्म बारा-पंधरा पानांचा, मराठी भाषांतर असं की मलाच दोनदा वाचावं लागतं. 'डॉक्टर, तुम्ही म्हणाल तिथे अंगठा देतो' असं आजोबा म्हणाले की ती संमती नव्हे. बसवा, पाणी द्या, घरी नेऊन मुलाला दाखवा म्हणा, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, मिळू शकतो हे उघड सांगा, मधेच सोडलं तरी उपचार बंद होणार नाहीत हे तर दोनदा सांगा. वाचता येत नसेल तर बाहेरचा साक्षीदार लागतो, तो आपला वॉर्डबॉय चालत नाही. नवीन मॉलिक्यूल, म्हणजे नवंकोरं औषध, आणि व्हल्नरेबल, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणारा, पेशंट असेल तर व्हिडिओ रेकॉर्डिंग, एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना फक्त ऑडिओ. सहीची एक कॉपी पेशंटच्या हातात गेलीच पाहिजे. आणि एथिक्स कमिटीला शत्रू समजू नका, त्यात किमान सात जण असतात, एक कायद्याचा माणूस, एक सामान्य नागरिक, त्या सामान्य नागरिकाचे प्रश्न सगळ्यात अवघड असतात असा माझा अनुभव.

कागद? जे झालं ते तेव्हाच लिहा, चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की ऑडिटर खूश होतो, तुम्ही होत नाही.

इंटरव्ह्यूला जायच्या आधी सीटीआरआयची, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीची, वेबसाइट उघडा, २००९ पासून भारतातले ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं आहे आणि ते सगळ्यांना बघता येतात. तुम्ही ज्या हॉस्पिटलात अर्ज केलाय तिथलं एक ट्रायल शोधा, इन्क्लुजन-एक्सक्लुजन, म्हणजे कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही याच्या अटी, वाचा, आणि तुमच्या ओळखीतला एखादा पेशंट त्यात बसेल का, नसेल तर नेमका कुठल्या अटीवर बाहेर पडेल, हे सांगून बघा. आमच्याकडे इंटरव्ह्यूत साधारण हेच विचारतात, जीसीपीची तेरा तत्त्वं पाठ म्हणून दाखवणाऱ्याला फारसं कुणी विचारत नाही, शिवाय २०२५ च्या नवीन आवृत्तीत त्यांची मांडणीच बदललीय.