वर्तुळाकार गतीची गणितं करताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या वह्या तपासताना एक आकृती हमखास दिसते. दोरीला बांधलेला दगड, दोरीचा ताण आत, अभिकेंद्री बल (केंद्राकडे ओढणारं) पण आत, आणि वर हौसेने अपकेंद्री बल (केंद्रापासून दूर ढकलणारं) बाहेर, म्हणजे एकच बल दोनदा मोजलं आणि नसलेलं तिसरं घुसवलं. अहो, अभिकेंद्री बल म्हणजे कॅप्टनची पोस्ट आहे, अकरा जणांतलाच कोणीतरी कॅप्टन असतो, बारावा गडी मैदानात उतरत नाही. गोफणीत ती पोस्ट दोरीच्या ताणाकडे, चंद्राच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाकडे, सपाट वळणावर टायरच्या घर्षणाकडे. आधी खरी बलं काढा, केंद्राकडची बेरीज घ्या आणि ती एमव्ही स्क्वेअर बाय आर (एम वस्तुमान, व्ही वेग, आर त्रिज्या) बरोबर लिहा. आकृतीत अभिकेंद्री बल वेगळं काढायचंच नाही.

"पण सर, एसटी घाटात वळली की आपण बाहेर फेकले जातो ना?" नाही रे, आपण सरळच जायला बघतो, न्यूटनचा पहिला नियम, बस मात्र वळते. बसमध्ये बसूनच गणित करायचं असेल तर अपकेंद्री बल खुशाल घ्या पण मग त्वरण शून्य धरा, दोन्ही एकदम घेतलं की गेलंच. आणि गोफणीतून सुटलेला दगड स्पर्शिकेने जातो, त्रिज्येने बाहेर नाही.

उभ्या वर्तुळात फिरवलेल्या बादलीतलं पाणी का सांडत नाही, यावर "बलं बॅलन्स होतात" असं लिहू नका, बॅलन्स झाली असती तर पाणी सरळ रेषेत गेलं असतं. माथ्यावर वजनसुद्धा केंद्राकडेच असतं. त्रिज्या 0.9 मीटर, जी (गुरुत्व त्वरण) 10 धरलं तर वेग निदान 3 मीटर प्रति सेकंद हवा, त्या वेगाला वजन एकटंच सगळं काम करतं.

युनिटची चूक उत्तरातच कळते. 50 मीटर त्रिज्येचं वळण, गाडी ताशी 36 किमी, म्हणजे 10 मीटर प्रति सेकंद, घर्षण गुणांक (टायरची पकड सांगणारा आकडा) निदान 0.2 लागतो. 36 तसेच घातले की 2.6 येतो, असला टायर कुठे मिळतो बघा!

शेवटचं बँकिंग, म्हणजे वळणावर बाहेरची कड उचलून तिरका केलेला रस्ता. उताराच्या सवयीने एन (रस्त्याचा गाडीवरचा लंब रेटा) बरोबर एमजी कॉस थीटा (थीटा म्हणजे रस्त्याचा कोन) लिहून मोकळे होतात, पण इथे त्वरण आडवं आहे, उतारावरून खाली नाही, म्हणून एन कॉस थीटा बरोबर एमजी. घर्षण न धरता एन हा एमजीपेक्षा कमी आला तर तिथेच थांबा आणि आकृती परत काढा.