ए टाकण्याआधी ब्रॉथ गढूळ होता का?

नायट्रेट रिडक्शनची चाचणी, म्हणजे जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतो का ते बघणारी, पाठ झाली म्हणून निवांत असाल, तर थोडं थांबा. मीही निवांत होते. जंतू वाढवलेल्या ब्रॉथमध्ये (नायट्रेट घातलेल्या पोषक द्रवात) रिएजंट ए, मग बी, लाल आला तर पॉझिटिव्ह, नाही आला तर जस्ताची पूड. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. बेंचवर तोंडावर आपटले.

जखमेच्या स्वॅबमधून एक ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलस (ग्रॅम रंगात गुलाबी दिसणारा काडीसारखा जंतू) वाढला होता. ऑक्सिडेज चाचणी निगेटिव्ह, ग्लुकोज आंबवणारा. म्हणजे ई. कोलायच्याच भाऊबंदांपैकी, आणि त्या घरातले जवळपास सगळे नायट्रेटचं नायट्राइट करतात. माझी ट्यूब काही लाल होईना. जस्त टाकलं, तशी झाली. जस्तानंतरचा लाल म्हणजे निगेटिव्ह, एवढं मला येत होतं, त्यामुळे 'नायट्रेट निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले. मग दीड दिवस जंतू ओळखायच्या तक्त्यांत डोकं खुपसून बसले, जंतू कुठल्याच रकान्यात बसेना. रिपोर्ट अडकला तो अडकलाच.

सीनियर मॅडमनी एवढंच विचारलं, "ए टाकण्याआधी ब्रॉथ गढूळ होता का?"

मी बघितलंच नव्हतं, तर सांगणार काय! लूप (जंतू उचलायची तार) आचेवर लाल करून तो गार न होऊ देताच कॉलनी उचलली होती, हे मात्र आठवलं; जंतू तिथेच भाजले असणार. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ गढूळ, आणि ए-बी टाकताच लालभडक.

आता हे सावकाश वाचा, कारण मी इथेच फसले. लाल रंग नायट्राइटमुळे येतो: नायट्राइट रिएजंट एमधल्या सल्फानिलिक आम्लाशी जुळतं, त्यातून बनलेलं संयुग बीमधल्या नॅफ्थिलअमाइनशी जुळून लाल रंगद्रव्य तयार होतं. जंतूंनी नायट्रेटचं क्षपण (रिडक्शन) केलं असेल तर नायट्राइट आधीच हजर असतं. नसेल केलं, तर उरलेल्या नायट्रेटचं क्षपण जस्त करतं आणि मग लाल येतो. म्हणजे जस्तानंतरचा लाल इतकंच सांगतो की नायट्रेट तसंच पडून आहे. ते का पडून आहे? एक तर जंतूला ते जमत नाही, किंवा ट्यूबमध्ये जंतूच नाही. जस्ताला या दोन्हींतला फरक कळत नाही. तो फरक फक्त गढूळपणा, म्हणजे जंतू वाढल्याची खूण, सांगतो. ब्रॉथ नितळ असेल तर तुमचा निगेटिव्ह हा निगेटिव्ह नव्हेच, ती न झालेली चाचणी आहे.

म्हणून आधी ट्यूब हलकेच फिरवा. वाढ तळाशी बसलेली असते, नाहीतर स्यूडोमोनाससारखी वर साय धरून असते, आणि मधला भाग बघून आपण फसतो. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा ओढा, शेजारी जंतू न टाकलेली ट्यूब धरा, रेघा धूसर दिसतात का बघा. आणि सगळा ब्रॉथ एकदम संपवू नका! थोडा दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून त्यावर चाचणी करा, उरलेला परत इनक्युबेटरमध्ये ठेवा. रिएजंट पडलेली ट्यूब पुन्हा वाढवता येत नाही.

जस्त टाकूनही रंग आला नाही तर घाबरू नका, तो पॉझिटिव्ह आहे. नायट्रेट संपलं, नायट्राइटही पुढे गेलं, बहुधा नायट्रोजन वायूपर्यंत. डरहॅम ट्यूबमध्ये (ब्रॉथमध्ये उलटी ठेवलेल्या छोट्या नळीत) बुडबुडा दिसेल. फक्त जस्त काडीच्या टोकावर मावेल इतकंच घ्या. जास्त झालं तर तेच नायट्राइटला पुढे ढकलतं, आणि खरा निगेटिव्ह पॉझिटिव्हचं सोंग घेतो.

'डोळ्याला सवय झाली की कार्डबिर्ड लागत नाही' म्हणणारे भेटतील. माझं मत विचाराल तर अशांकडून चहा घ्यावा, पद्धत घेऊ नये. हेच लोक ०.५ मॅकफारलंडही (जंतूंचं प्रमाण जुळवायचा ठरावीक गढूळपणा) अंदाजाने जुळवतात. तो गढूळपणा बेरियम सल्फेटचा, एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी जंतू दाखवणारा. साका तळाशी बसतो, म्हणून वापरण्याआधी स्टँडर्ड ट्यूब नीट ढवळावी लागते. आणि जुळवलेलं सस्पेन्शन (जंतू मिसळलेला द्रव) १५ मिनिटांच्या आत प्लेटवर गेलं पाहिजे.

लघवीच्या पट्टीवरही हाच घोळ होतो. नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही, असं नसतं. एन्टेरोकोकस नायट्रेटचं क्षपण करतच नाही, आणि लघवी मूत्राशयात चारेक तास थांबली नसेल तर ई. कोलायलाही वेळ पुरत नाही. उलट लघवी गढूळ म्हणजे जंतूच, असंही नाही. फॉस्फेटचा गढूळपणा अॅसेटिक आम्लाच्या दोन-चार थेंबांत विरतो.

चूक झाली म्हणून कुणी तुम्हाला कामावरून काढत नाही, मलाही नाही काढलं. पण कंट्रोल (निकाल आधीच ठाऊक असलेल्या ट्यूब) लावताना ई. कोलाय (पॉझिटिव्ह) आणि असिनेटोबॅक्टर (निगेटिव्ह) यांच्या जोडीला तिसरी, जंतू न टाकलेली ट्यूब लावाच. ती ए-बीने लाल झाली तर ब्रॉथमध्ये आधीच नायट्राइट आहे. जस्तानेही लाल झाली नाही तर त्यात नायट्रेटच नाही. माझ्या वहीत आता 'रंग' या रकान्याआधी 'गढूळ: हो/नाही' असा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय मी रिएजंट एची बाटली उघडत नाही.